रशियन 'आल्त' म्हणजे आवाज की वाद्य?

तुम्ही विचारलंय, रशियन आणि अझरबैजानी कार्यक्रमपत्रिकांत दिसणारा 'आल्त' म्हणजे आपण म्हणतो तो अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाजच का. एकल वादनाची किंवा वाद्यवृंदाची पत्रिका असेल, तर जवळजवळ नक्कीच नाही. तिथे 'आल्त' म्हणजे व्हायोला, व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं तंतुवाद्य. रशियन संगीतकार शोस्ताकोविचची १९७५ची शेवटची रचना, ओपस १४७, रशियनमध्ये 'आल्त आणि पियानोसाठी सोनाटा' आहे. गाण्याचा तिथे संबंध नाही.

शब्द मूळचा इटालियन 'आल्तो', म्हणजे उंच. बायकांच्या खालच्या आवाजाला 'उंच' का म्हणायचं? कारण पंधराव्या शतकात हा भाग टेनरच्या (पुरुषांच्या उंच आवाजाच्या) वर बसणारा होता. तो पुरुष किंवा मुलं गात. रशियनमध्ये आजही मुलांचा खालचा आवाज आणि गायनवृंदातली बायकांची खालची फळी यांना 'आल्त'च म्हणतात. एकल गायिका मात्र 'कॉन्ट्राल्टो' असते.

खरा घोळ शेजारच्या स्लाव्ह भाषांत आहे. चेक, सर्बियन, बल्गेरियन यांत 'आल्त' म्हणजे आवाज, वाद्य 'व्हिओला'. पोलिशमध्ये आवाज 'आल्त', वाद्य 'आल्तूफ्का'. म्हणून रशियन 'आल्तिस्तका' व्हायोला वाजवते, तर चेक 'आल्तिस्तका' गाते. चरित्र भाषांतरित करताना इथेच माणसं हमखास फसतात.

तुर्की कुळातल्या कझाक, तातार, अझरबैजानी यांनी शब्द रशियनकडून घेतला, त्यामुळे वाद्याचा अर्थही सोबत आला. तुर्कस्तानच्या तुर्कीत तसं झालं नाही: तिथे आवाज 'आल्तो', वाद्य 'वियोला'. शेवटचा 'ओ' तिथे टिकला हे सोयीचंच, कारण तुर्कीत नुसतं 'आल्त' म्हणजे 'खाली'. अझरबैजानीतही तोच देशी शब्द आहे आणि व्हायोलाही 'आल्त'च. शब्दकोशातला पहिला अर्थ उचललात तर व्हायोलाच्या सोनाटाची 'खालची सोनाटा' होईल.

अर्थ ठरवायला आधी भाषा पाहा, मग स्वरलेखन. ओळीच्या सुरुवातीला स्वरांची जागा ठरवणारी खूण म्हणजे क्लेफ. अल्टो क्लेफ, म्हणजे मधल्या रेषेवर 'मिडल सी' हा स्वर, असेल तर सहसा व्हायोला. ट्रेबल क्लेफ आणि खाली गाण्याचे शब्द असतील तर आवाज. स्वरलेखन हाताशी नसेल तर शेजारी काय आहे ते बघा: व्हायोलिन आणि चेलोच्या मधे आलेला 'आल्त' वाद्य, सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) आणि टेनरच्या मधला आवाज. रशियन ब्रास बँडच्या यादीत मात्र तिसरीच शक्यता असते: तिथे 'आल्त' म्हणजे आल्तहॉर्न, एक पितळी फुंकवाद्य.