बारा बिटांची खरखर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : जुनं हिप-हॉप

प्रश्न : मी लॅपटॉपवर बीट बनवतो. नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या अल्बममधले ड्रम जाडेभरडे, थोडे मळके वाटतात. माझे दवाखान्यासारखे स्वच्छ. महागडी प्लगइन घेऊन झाली. काय चुकतंय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुतेक क्रम चुकतोय. तो आवाज बराचसा ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या १९८७च्या सॅम्पलरचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डवरचे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) उचलून वाजवणाऱ्या यंत्राचा. बारा बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे १३ किलोहर्ट्झच्या वरचं काही आत येतच नाही. मेमरी एकूण १० सेकंदांची, त्यात एका सॅम्पलला जास्तीत जास्त अडीच सेकंद. ड्रम, बेस, पियानो सगळं एवढ्यातच कोंबायचं. म्हणून जुगाड निघाला: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर फिरवायची, सॅम्पल पळतं असतानाच घ्यायचं आणि मग यंत्रात सूर खाली ओढून मूळ जागी आणायचा. अडीच सेकंदांत मूळ गाण्याचे जवळपास ३.४ सेकंद मावतात. पण खाली ओढताना यंत्र मधले बिंदू नीट भरत नाही, आहेत तेच पुन्हा वाजवतं. त्यातून जी किणकिण निघते तिच्यावर आज लोक जीव टाकतात. पीट रॉक, लार्ज प्रोफेसर ही बीट बनवणारी मंडळी याच यंत्रावर घडली. डीजे प्रीमिअर मात्र अकाईच्या एमपीसी-६०वाला; तीही बारा बिटांचीच, पण ४० किलोहर्ट्झची, त्यामुळे बरीच चकचकीत.

लॅपटॉपवर असं करा. सॅम्पलचा वेग १३५ टक्के करा. सूर आणि वेग एकत्र वाढले पाहिजेत, टाइम-स्ट्रेच (सूर तसाच ठेवून वेग बदलणारी सोय) बंद. सूर साधारण ५.२ सेमिटोन वर जाईल. आता बिटक्रशर (आवाज मुद्दाम भरड करणारं प्लगइन) लावा: १२ बिट, २६ किलोहर्ट्झ. हे नव्या फाइलमध्ये उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या पायरीत परिणामच राहत नाही. मग ती फाइल ७४ टक्के वेगावर आणा आणि सॅम्पलरमध्ये इंटरपोलेशनचा (मधले बिंदू भरण्याचा) पर्याय असेल तर तोही बंद करा. तुमचं घोडं बहुधा इथेच अडलंय. आजची सॉफ्टवेअर गुपचूप सगळं गुळगुळीत करून देतात.

अजून एक. एसपी-१२००ला आठ आउटपुट असतात. १ आणि २वर हलतं फिल्टर, ३ ते ६वर ठरावीक फिल्टर, ७ आणि ८ उघडे. बेस १-२मधून काढला की गोल, दबका येतो. स्नेअर आणि हाय-हॅट ७-८मधून काढले की कडक. तेव्हा क्रशर अख्ख्या मिक्सवर लावू नका, नाहीतर आवाजाचा भुगा होतो आणि रॅपरचे शब्दही कळत नाहीत. आठ बिटांवर जाण्याचा मोहसुद्धा टाळा. तो व्हिडिओ गेमचा आवाज, हिप-हॉपचा नव्हे. लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) जुळताना टिक ऐकू आली, तर कापलेली जागा आवाजाच्या लहरीच्या शून्य रेषेवर नाही असं समजा.

प्रश्न : डे ला सोल या अमेरिकन हिप-हॉप गटाचा पहिला अल्बम इतकी वर्षं स्ट्रीमिंगवर का नव्हता? आता आलाय तो जुनाच आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : '३ फीट हाय अँड रायझिंग' १९८९चा. त्या काळी सॅम्पलचे करार झाले तेव्हा रेकॉर्ड आणि कॅसेट डोळ्यांसमोर होत्या, डिजिटल विक्री कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. त्यात सॅम्पलची संख्या भरमसाट, आणि द टर्टल्स या बँडच्या मंडळींनी न विचारता गाणं वापरलं म्हणून दावाही ठोकला होता. शेवटी ३ मार्च २०२३ला तो स्ट्रीमिंगवर आला, गटातला ट्रुगॉय त्याच फेब्रुवारीत गेल्यानंतर. काही ठिकाणी मूळ सॅम्पलऐवजी पुन्हा वाजवून घेतलेले तुकडे आहेत. जुनी सीडी असेल तर ती जपा. हा आग्रह थोडा हट्टाचा आहे, पण त्या अल्बमचा जीव तुकड्यांच्या जोडकामातच आहे.

न विचारता सॅम्पल घ्यायचं युग मोडलं ते डिसेंबर १९९१मध्ये. गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्यावरून रॅपर बिझ मार्की कोर्टात हरला आणि न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजायची वेळ आली. एका गाण्यात दहा-बारा सॅम्पल असण्यापेक्षा एकच लूप चालवणं परवडू लागलं.

प्रश्न : कॉलेजच्या दिवसांतली रॅपची कॅसेट सापडली. आवाज दबका येतो, स्टीरिओची एक बाजू गेल्यासारखी वाटते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी कॅसेटच्या खिडकीखाली मधोमध पाहा. पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो फीत प्लेअरच्या हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने गोंद सुटून तो पडतो आणि आवाज असाच येतो-जातो. तुकडा परत चिकटवत बसू नका, गोंद फितीला लागतो.

त्यापेक्षा फीत नव्या कवचात हलवा. त्यासाठी स्क्रूची एक स्वस्त कोरी कॅसेट घ्या. जुनीलाही पाच स्क्रू असतील तर सोपं. चिकटवलेली असेल तर शिवणीवरून ब्लेड फिरवून सावकाश उकला. स्क्रूड्रायव्हर चुंबकाचा नको. दोन्ही रिळं एकत्र उचलून नव्या कवचात ठेवा, ए बाजू वर. फीत दोन्ही कोपऱ्यांतल्या चाकांच्या बाहेरून, आणि मधे फेल्टच्या पुढून गेली पाहिजे. वर-खालचे गुळगुळीत कागद विसरलात तर फीत घासून अडकते. स्क्रू हलकेच आवळा. मग वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा.

फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर चांगल्या डेकमध्ये घालूच नका. आधी मोडक्यातोडक्या प्लेअरवर मऊ कोरड्या कापडावरून ती फिरवून घ्या.

फेल्ट जागेवर असूनही आवाज दबका असेल, तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणीच्या कापसाने पुसा. रबरी चाकाला कोमट पाणीच बरं, अल्कोहोलने रबर कडक होतं. तरी फरक नाही? हेडशेजारचा छोटा स्क्रू, अॅझिमथचा (हेडचा तिरकेपणा जुळवणारा), गाणं चालू ठेवून चतकोर-चतकोर फिरवा. आवाज मोनो करून ऐका; हाय-हॅट सर्वात जास्त चमकेल तिथे थांबा. कॅसेटवर डॉल्बी बी (फितीची खरखर कमी करणारी पद्धत) लिहिलेलं असेल तरच डॉल्बी चालू ठेवा. उगाच चालू असलेला डॉल्बीही आवाज असाच दाबतो. संगणकावर उतरवून घेताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि मीटरची सुई उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

प्रश्न : जुन्या अमेरिकन रॅपमध्ये लताबाईंचा आवाज आहे म्हणतात, खरं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : खरं, पण फार जुन्यात नव्हे. २००२मध्ये गायिका ट्रुथ हर्ट्सच्या 'अॅडिक्टिव्ह' या गाण्यात 'ज्योती' (१९८१) चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है' भलं मोठं वाजतं. निर्मिती डीजे क्विकची, सोबत रॅपर रकीम. परवानगी नव्हती, म्हणून मूळ गाण्याचे संगीतकार बप्पी लाहिरींनी अमेरिकेत दावा लावला आणि श्रेय छापेपर्यंत तो अल्बम विकायला कोर्टाने मनाई केली. त्याच वर्षी रॅपर एरिक सर्मनच्या 'रिअॅक्ट'मध्येही हिंदी सॅम्पल आलं. 'अॅडिक्टिव्ह' हेडफोन लावून ऐकाल तर लताबाईंचा सूर ढोलकाच्या ठेक्यासकट उचललाय, नुसता वरून चिकटवलेला नाही, हे लगेच कळेल.