मागण्याआधी द्यायची सुट्टी

अनेक आशीर्वाद.

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या शिलाई विभागाची सुपरवायझर झालीस, फार आनंद वाटला. दुपारी तीननंतर टीप वाकडी जाते, माल उसवावा लागतो, म्हणून नजर आणखी कडक ठेवणार, असं म्हणालीस. तसं करू नकोस. त्या बायका कामचुकार नाहीत, थकलेल्या आहेत. त्यांना मागण्याआधीच कामातून छोटी सुट्टी दे.

1948 च्या कारखाना अधिनियमाने सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती घालून दिली. ती जेवणाची, तिला हात लावायचा नाही. मी म्हणतोय ती वेगळी, पाच-दहा मिनिटांची. अशा छोट्या सुट्ट्यांवर लोकांच्या 22 गटांत झालेल्या पाहण्यांचा एकत्रित अभ्यास 2022 साली 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात आला. थकवा उतरतो, उत्साह वाढतो, हे त्यात दिसलं. काम मात्र सरसकट सुधारलेलं दिसलं नाही. म्हणून मालकांना उत्पादन वाढण्याची हमी देऊ नकोस. माणूस कमी थकतो, हेच कारण ठामपणे सांग.

खरी गाठ मजुरीची आहे. नगावर पैसे मिळत असतील तर कोणी उठणार नाही. उठलं की तेवढे नग बुडतात, त्यांचा हिशेब चुकीचा नाही. आधी त्या मिनिटांचे पैसे दरात धरून घे. ते जमत नसेल, तर सुट्टीच्या नावाखाली मशीन बंद करून त्यांची कमाई कापू नकोस. यात मी तडजोड मानत नाही.

वेळ थकव्याच्या आधीची हवी. तीनला हात जड होत असतील तर अडीचला उठव. दिवसभर बसणाऱ्यांनी चालावं. मागावर उभं राहणाऱ्यांना बसायला बाकडं द्यावं. सुईवर खिळलेली नजर लांब जाऊ दे, मोबाईलवर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सावली आणि गार पाणी आधी बघ. त्या वेळात सूचना द्यायच्या नाहीत. मराठीत, तेलुगूत, त्यांना हव्या त्या गप्पा मारू देत.

आणि पहिली तू ऊठ. सुपरवायझर रजिस्टरात डोकं घालून बसली, तर बाकीच्या कशा उठतील?

दराचा हिशेब कागदावर मांडून पाठव. मालकांशी बोलण्याआधी आपण दोघं एकदा बघू.