कुळागरात गवत खायला मेंढ्या चालतील का?

तुमचा प्रश्न असा: फोंडा तालुक्यात खाली पोफळींचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, वर उतारावर काजू. गवत खायला आणि लेंडीखतासाठी पाचेक मेंढ्या आणाव्यात का, की गोव्याची हवा त्यांना मानवत नाही?

उकाडा मेंढी सोसते, ओल सोसत नाही. पण पावसाच्याही आधी बोर्डो मिश्रणाचा विचार करा, कारण तो कुणी सांगत नाही. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते त्या बुरशीच्या रोगासाठी, तुम्ही १ टक्का बोर्डो मारत असणारच: १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना. मोरचूद म्हणजे तांबं. पावसाच्या तोंडावर एक फवारणी, पुढे ४०-४५ दिवसांनी दुसरी, असं वर्षानुवर्षं झालं की ते खालच्या गवतावर आणि मातीत उतरत राहतं. मेंढी गवत मुळापर्यंत कातरते, त्याबरोबर मातीही पोटात जाते. शेळीला किंवा गाईला हे बरंच पचतं. मेंढीच्या यकृताला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही, ते तिथेच साठतं. कित्येक आठवडे जनावर ठणठणीत दिसतं. मग प्रवास, उपासमार असा काही ताण येतो आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे पडतात, लघवी काळ्या कॉफीसारखी होते, आणि दोन-चार दिवसांत मेंढी जाते. तोवर डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून मी म्हणेन, फवारलेल्या कुळागरात मेंढी सोडूच नका. तिथलं गवत मशीननं कापा, आणि ते गव्हाणीतही टाकू नका. गुरांसाठीचं खनिज मिश्रणही देऊ नका, त्यात तांबं असतं. मेंढ्यांचं वेगळं मागून घ्या. तुमच्या कुळागरात मिरीच्या वेली आणि केळीची पिल्लं असतील, तीही मेंढी ठेवणार नाही.

काजूखाली मात्र खुशाल चारा. फक्त मार्च ते मे खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, आधी वेचून घ्या. गोडाच्या मोहानं पोटभर बोंडू खाल्लेली मेंढी आम्लानं फुगून बसते.

आता पाऊस. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे देशावरची दख्खनी मेंढी आणून चिऱ्याच्या ओल्या जमिनीवर बांधली, तर आधी खूर कुजतात. जमिनीपासून मीटरभर उंच माच करा, सुपारीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचा, दोन पट्ट्यांत दीड सेंटिमीटर फट, म्हणजे लेंड्या खाली पडतील आणि पाय अडकणार नाही. मोठ्या मेंढीला १० ते १२ चौरस फूट धरा. छप्पर भिंतीच्या बाहेर चांगलं लांब काढा, तिरका पाऊस आत येतो. मऊ जमिनीवर खूर झिजत नाहीत, तेव्हा दीड-दोन महिन्यांनी छाटा. खुरांच्या बेचक्यातून कुजका वास आला की पाय बुडवायला १० टक्के झिंक सल्फेट, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. बरेच जण इथेही मोरचूद सुचवतात. मेंढीनं ते पाणी चाटलं तर वर सांगितलेलीच गत.

सकाळी दव सुकल्याशिवाय बाहेर काढू नका; जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या टोकाशी चढून बसतात. आधी थोडा सुका पेंढा द्या, मग चारायला सोडा. वायंगणी शेतात, म्हणजे पावसाळ्यानंतर पाणी देऊन भात घेतात तिथे, गोगलगायी असतात, त्यांच्यामुळे यकृतकृमी होतो, तिथे नेऊच नका. दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून पाहा: गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी असेल किंवा जबड्याखाली सूज आली असेल तर लेंड्या तपासून जंताचं औषध. आंत्रविषाराची लस मे महिन्यात, पावसाआधी.

खताचं गणित फार मोठं नाही. रात्री माचाखाली मेंढीमागे अर्धा-पाऊण किलो ओल्या लेंड्या पडतात. पाच मेंढ्यांचा वर्षाचा हजारेक किलो माल कुजून निम्मा उरतो. पोफळीला वर्षाला १२ किलो कंपोस्ट धरलं तर चाळीसेक झाडांपुरतं. देशावर शेतात मेंढरं बसवतात तिथे कळप शेकड्यांचा असतो, तो हिशेब इथे लावू नका. लोकर तर विसराच, दख्खनी मेंढी वर्षाला अर्धा-पाऊण किलो जाडीभरडी लोकर देते आणि गोव्यात तिला गिऱ्हाईक नाही. पावसाआधी कातरायची ती शेपटीखाली भिजून अळ्या पडू नयेत म्हणून.

इथे मेंढी बहुतेकांनी पाहिलेली असते ती नाताळच्या गोठ्यातली, मातीची. डोंगरातले धनगर-गवळीसुद्धा म्हशी आणि शेळ्याच राखतात, ते उगाच नाही.

तरी घ्यायच्याच असतील तर अंगावर लोकर जवळजवळ नसलेली नेल्लोर जातीची बघा. दोन दाती, म्हणजे पुढचे दोन पक्के दात आलेल्या तरुण माद्या, चारही खूर उचलून पाहून, आणि नोव्हेंबरात, म्हणजे पहिल्या पावसाआधी त्यांना सहा-सात महिने कोरडे मिळतील. एकटी-दुकटी आणू नका, कळपाशिवाय ती नीट चरतही नाही.