पडद्यामागच्या कथा, वाचकाच्या हाती
(वाचकांचे प्रश्न)

वाचता वाचता वाचकाने स्वतः पुढची कृती ठरवायची, अशा संगणकीय कथांना इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी रंगभूमी आणि करमणूक व्यवसायाशी संबंध असलेले तीन प्रश्न या वेळी निवडले आहेत.

प्रश्न : सर्कस, सिनेमा, नाटक यांच्या दुनियेत घडणारे असे खेळ आहेत का? सुरुवात कोणत्या खेळापासून करावी? (एक वाचक, सांगली)

असे खेळ आहेत, आणि ते बरेच जुने आहेत. अमेरिकेतील इन्फोकॉम या कंपनीने 1985 मध्ये ‘बॅलीहू’ नावाचा खेळ काढला. त्यात आपण सर्कशीचा खेळ पाहायला आलेले एक साधे प्रेक्षक असतो. खेळ संपल्यावर घरी जाण्याऐवजी आपण तंबूच्या मागच्या बाजूला रेंगाळतो आणि मालकाच्या मुलीला कोणीतरी पळवून नेल्याचे आपल्याला कळते. पडद्यावर चित्र नसते. आपण छोटी इंग्रजी वाक्ये टाइप करायची आणि पुढे काय घडले ते वाचायचे. ज्या तारेवरच्या कसरतीकडे एरवी खालून माना वर करून पाहायचे, त्या तारेवर येथे स्वतः पाऊल टाकावे लागते. प्रेक्षकाला कलावंताच्या जागी उभे करण्याची ही युक्ती मला आजही फार मोलाची वाटते.

त्याच कंपनीचा 1986 मधील ‘हॉलीवूड हायजिंक्स’ हा खेळ मात्र मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्या काकांच्या बंगल्यात एका रात्रीत दहा वस्तू शोधायच्या आणि वारसा मिळवायचा, अशी त्याची रचना आहे. कोडी चांगली आहेत, पण सिनेमा तेथे सजावटीपुरताच उरतो. म्हणून सुरुवात ‘बॅलीहू’पासूनच करावी.

प्रश्न : नाटक जिवंत असते, कारण समोरचा नट आपल्या प्रतिसादाप्रमाणे बदलतो. लिहून ठेवलेल्या खेळात ते कसे शक्य आहे? (हौशी रंगकर्मी, पुणे)

आपली शंका रास्त आहे आणि बहुतेक खेळांना ती लागू पडते, कारण खेळाडूने काही टाइप करेपर्यंत त्यांतील जग थिजल्यासारखे थांबून राहते. नट असे थांबत नाही. आपण वाक्य विसरलो, तरी समोरचा नट प्रसंग पुढे रेटतो, आणि आपली शांतताही प्रेक्षकांना संवादासारखी ऐकू जाते. मायकेल मटियास आणि अँड्र्यू स्टर्न यांनी नेमका हाच गुण संगणकात आणण्यासाठी सुमारे पाच वर्षे काम केले आणि 2005 मध्ये ‘फसाड’ ही पंधरा-वीस मिनिटांची एकांकिका सर्वांसाठी मोफत खुली केली.

ट्रिप आणि ग्रेस या जोडप्याकडे आपण जुने स्नेही म्हणून जातो. दार उघडण्याआधीच आतले भांडण कानांवर येते. ट्रिप मोठ्या हौसेने कॉकटेल करायला निघतो, ग्रेस साधेच काहीतरी घ्या म्हणून सुचवते, आणि आपण काय मागतो यावरून कोणाची बाजू घेतली हे दोघेही मनात नोंदवून ठेवतात. आपण गप्प बसलो, तर ती दोघे आपल्यासाठी थांबत नाहीत, आणि फारच अवमान केला तर ट्रिप सरळ घराबाहेर काढतो. संगणकाला आपले वाक्य पूर्ण समजते असे मुळीच नाही. होकार, नकार, स्तुती, टीका अशा काही ठरावीक हेतूंपैकी एकात तो ते बसवतो, आणि त्यामुळे कधी कधी विचित्र उत्तरेही मिळतात. तरीही नाट्यलेखक प्रसंगाचे जसे लहान लहान तुकडे पाडतो, तसे तुकडे आधी लिहून ठेवून, ताण चढत जाईल अशा क्रमाने ते प्रत्यक्ष खेळाच्या वेळी निवडण्याची मटियास आणि स्टर्न यांची पद्धत प्रत्येक रंगकर्मीने अभ्यासावी अशी आहे. एकांकिका स्पर्धेची तालीम घेणाऱ्या दिग्दर्शकाला तर त्यात आपलाच पेशा ओळखू येईल.

प्रश्न : आमच्या नाट्यसंस्थेला मराठी रंगभूमीवर आधारित असा खेळ मराठीत लिहायचा आहे. विषय आणि साधन सुचवावे. (नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते, कोल्हापूर)

विषय आपल्या गावातच आहे. ज्यांचे नाव आपल्या नाट्यगृहाला दिले आहे, ते केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोघांचे चाहते परस्परांविरुद्ध हिरिरीने वाद घालत असतानाच, टिळक स्वराज्य फंडासाठी केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या दोन मंडळ्या 8 जुलै 1921 रोजी मुंबईत एकत्र आल्या आणि संयुक्त ‘मानापमान’ उभे राहिले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे निधन झाले.

रॉबर्ट डेव्हिस यांचा ‘ब्रॉडवे : 1849’ हा खेळ तुलनेसाठी जरूर पाहावा. त्यात न्यूयॉर्कमधील एका थिएटरचा कारभार आपल्या हाती येतो. त्याच वर्षीच्या 10 मे रोजी त्या शहरात एडविन फॉरेस्ट आणि विल्यम मॅक्रेडी या दोन नटांच्या स्पर्धेतून अ‍ॅस्टर प्लेसची दंगल पेटली होती आणि सैनिकांच्या गोळीबारात 20 हून अधिक माणसे मेली होती. तेथे नटांच्या चुरशीने रक्त सांडले, आपल्याकडे ती चुरस एका रंगमंचावर नांदली. एवढ्या मोठ्या विषयावर मराठीत खेळ व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खेळाडूला मात्र दोघांपैकी कोणाचीही भूमिका देऊ नये, कारण त्यांचे गाणे शब्दांत उतरणार नाही. त्याला कल्पित व्यवस्थापक करावे. कोणत्या पदाला किती वन्समोअर द्यायचे, हा निर्णय त्याच्याकडे असावा. एकाला एक जास्त मिळाला, तर दुसऱ्याचा पक्ष थिएटरमध्ये कुरकुर करू लागेल, आणि दोघांनाही सढळ हाताने दिले, तर प्रयोग लांबत जाईल. अशी अडचण संगीत नाटकाच्या रीतीतूनच निघते, ती बाहेरून चिकटवावी लागत नाही.

साधन म्हणून क्रिस क्लिमास यांनी 2009 मध्ये आणलेले ‘ट्वाइन’ घ्यावे. ते मोफत आहे आणि देवनागरी व्यवस्थित चालते. प्रत्येक प्रसंग एका चौकटीत लिहायचा आणि पुढच्या प्रसंगाचे नाव दुहेरी चौकोनी कंसात, म्हणजे [[तिसरी घंटा द्या]] असे, टाकायचे, की तो दुवा तयार होतो. वन्समोअरची संख्या चलात, म्हणजे खेळाने लक्षात ठेवायच्या बदलत्या नोंदीत, साठवता येते. तयार खेळ एकाच फाइलमध्ये मिळतो आणि ती मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडते. वाक्य टाइप करून खेळण्याची पद्धत तूर्त टाळावी. ‘कंदील’, ‘कंदिलाने’, ‘कंदिलाखाली’ ही एकाच वस्तूची रूपे आहेत हे संगणकाला शिकवण्यातच आपले सगळे श्रम खर्च होतील.

पहिला मसुदा फक्त दुसऱ्या अंकाच्या मध्यंतराचा करावा, साधारण वीस चौकटींचा. तो संस्थेतील प्रॉम्प्टर आणि रंगमंच व्यवस्थापक यांना आधी खेळायला द्यावा, कारण विंगेत नेमके काय बिघडते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.