अंटार्क्टिकातल्या भारतीय स्टेशनवर काम करायला शास्त्रज्ञच असावं लागतं का?

आयटीआय डिझेल मेकॅनिक झालोय, शिरोलीत जनरेटरच्या सर्व्हिसिंगला आहे, अंटार्क्टिकात जायला मिळेल का, असं विचारलंयस. मिळेल की! भावा, जनरेटर बंद पडला तर शास्त्रज्ञ तिथं करणार काय? मी स्वतः तिकडं गेलेलो नाही, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांतच आयुष्य गेलंय आणि या विषयाचा नाद जुना आहे, म्हणून लिहितोय.

आपलं पहिलं स्टेशन ‘दक्षिण गंगोत्री’. १९८३-८४ मध्ये ते बर्फाच्या थरावरच बांधलं आणि पुढं बर्फानंच गिळलं. मग १९८९ मध्ये ‘मैत्री’ उघड्या खडकावर, खांबांवर उभं केलं. २०१२ मध्ये तिथून जवळपास तीन हजार किलोमीटरवर ‘भारती’ झालं, तेही मालवाहू कंटेनर जोडून. मैत्री आणि भारती, दोन्हीकडं वर्षभर माणसं असतात.

जहाज तिकडच्या उन्हाळ्यात येतं, म्हणजे आपल्या थंडीत. ते परत फिरलं की पुढचे कित्येक महिने बोल्ट नाही की बेअरिंग नाही. आपल्याकडं गिऱ्हाईक ओरडलं की पोराला गाडीवर पिटाळून पार्ट आणतो. तिथं जे रॅकवर आहे त्यावरच भागवायचं. आणि वीज गेली तर नुसता अंधार होत नाही. पाइपातलं पाणी गोठतं, पाइप फुटतात, माणसं गारठतात. इंजिनाची जी उष्णता आपण रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडतो, ती भारतीवर इमारत गरम करायला वापरतात.

इंधनाचीही एक गंमत आहे. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत सुटतं आणि फिल्टर चोक होतो. त्यामुळं भारतीवरची इंजिनं विमानाच्या केरोसीनवर चालतात. केरोसीनला वंगण कमी, हे तुला सांगायला नकोच. पंप आणि नोझलवर कायम डोळा ठेवायला लागणार. शिवाय अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायला झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारानं कचरा, जळकं ऑईल, सगळं गोळा करून परत न्यायचं बंधन घातलंय. उद्यमनगरातल्या गटारीला हा करार कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे.

शास्त्रज्ञांचं काम म्हणशील तर हवामान, बर्फ, खडक आणि पृथ्वीचं चुंबकत्व. मैत्रीवर चुंबकत्वाच्या नोंदी घेणाऱ्या पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेचंच एक रडार आपल्या शिवाजी विद्यापीठातही आहे, ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजणारं. चुंबकाची उपकरणं लोखंडापासून लांब ठेवावी लागतात, तेव्हा गाडी कुठंही लावायची सवय मोडावी लागेल.

जायचं कसं? गोव्यात वास्कोला ‘राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र’ आहे, मोहिमा तेच काढतं. कंत्राटी जागांच्या त्यांच्या जाहिरातींत वाहन मेकॅनिक, जनरेटर मेकॅनिक, वेल्डर, क्रेन ऑपरेटर, आचारी असे लोक मागवतात. वेबसाइटवर लक्ष ठेव आणि वय-अनुभवाच्या अटी नीट वाच. मुलाखतीला बोलावलंच तर आपल्याला काय, आंबोली उतरलं की गोवा.

निवड झाली की शरीराची आणि मनाचीही तपासणी होते, उत्तराखंडात औलीला बर्फातलं प्रशिक्षण असतं. तपासणीत काही लपवू नकोस. मैत्रीच्या शेजारच्या रशियन स्टेशनवर १९६१ मध्ये एकुलत्या एका डॉक्टरवर, लिओनिद रोगोझोव्हवर, स्वतःचंच अपेंडिक्स कापून काढायची वेळ आली होती. हिवाळ्यात तिथं जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही, तेही घरच्यांना आधीच सांगून ठेव.

सध्याच्या कामात सर्व्हिसिंगबरोबर वायरिंग आणि वेल्डिंगवरही हात बसव. तिथं माणसं मोजकीच असतात, ‘हे माझं काम नव्हं’ म्हणून चालत नाही.