मिनिमम भरलं, तरी बाकी का वाढली?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आर्थिक साक्षरता केंद्रात समुपदेशक म्हणून बसते. पूर्वी लोक पीक विमा, जनधन खातं, बचत गटाचं कर्ज असं विचारायला यायचे. आता गावातली तरुण मुलं मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "मॅडम, यातलं कोन्तं क्रेडिट कार्ड घेऊ? याच्यात पाच टक्के कॅशबॅक आहे." दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो: "दर बिलाले भरून राह्यलो जी, मंग बाकी काहून कमी होत नाही?"

या दोन्ही काळज्या घेऊन आलेल्या एका जोडप्याची हकीकत त्यांच्या संमतीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवऱ्याचं गावात मोबाइल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान. वडिलांच्या नावावर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. बायको उमेदच्या बचत गटात हिशेब लिहिते. ऑगस्टच्या सुरुवातीला दोघं आले. त्याला दुसरं कार्ड घ्यायचं होतं, कारण पहिल्या कार्डावर 'कॅशबॅक कमी' होता. ती सोबत आली होती ती पहिल्या कार्डाचं बिल दाखवायला.

झालं होतं असं. जूनमध्ये पाऊस वेळेवर आला, पण वडिलांचं पीक कर्ज काही मंजूर होऊन आलं नाही. बियाणं आणि खत तर हवंच. कृषी केंद्राची उधारी म्हणजे रोखीच्या भावापेक्षा चढा भाव, तो त्याला टाळायचा होता. म्हणून १० जूनला त्याने कार्ड घासलं. बिल झालं ४०,००० रुपयांचं. २५ जूनला कार्डाचं स्टेटमेंट आलं. त्यात भरायची शेवटची तारीख १५ जुलै, एकूण देणं ४०,००० आणि मिनिमम ड्यू, म्हणजे निदान भरायलाच हवी ती रक्कम, २,०००. त्याने १५ जुलैला बरोबर २,००० भरले. त्या महिन्यात कार्डावर दुसरं काही घेतलंही नाही. २५ जुलैला पुढचं बिल आलं, ४०,४१७ रुपयांचं.

"दोन हजार कुठं गेले मॅडम? वरून चारशे कायचे?" असं त्याने विचारलं. त्याला वाटत होतं बँकेने लबाडी केली. मी कागद घेतला आणि त्याच्यासमोरच मांडणी केली.

त्याच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पूर्ण बिल वेळेत भरलं असतं तर व्याज शून्य. पण एक रुपयाही मागे ठेवला तर बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज शेवटच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं. १० जून ते १५ जुलै, ४०,००० रुपयांवर ३५ दिवसांचं व्याज १,६११ रुपये. २,००० भरल्यावर उरलेल्या ३८,००० वर पुढच्या दहा दिवसांचं ४३७. दोन्ही मिळून २,०४८. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३६९ रुपये. बेरीज २,४१७. म्हणजे त्याने दोन हजार भरले आणि कार्डाने त्याहून जास्त चढवले.

लबाडी नव्हती. सगळं अटींत लिहिलेलं होतं, फक्त इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. मिनिममच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबते आणि व्याजावर व्याज चढतं, अशी सूचना स्टेटमेंटवर छापायची सक्ती रिझर्व्ह बँकेने कंपन्यांवर केली आहे. त्याच्याही स्टेटमेंटवर ती होती.

आता कॅशबॅक. पाच टक्के फक्त ऑनलाइन खरेदीवर होता. कृषी केंद्रातल्या मशीनवर एक टक्का, म्हणजे ४०० रुपये. आणि दुकानदाराने कार्ड घासण्याचे दोन टक्के वर घेतले होते, सुमारे ८०० रुपये. व्याज लागायच्या आधीच तो चारशेने मागे होता.

तरी मी त्याला खुळा म्हणणार नाही. त्याचा विचार कुठून आला ते समजून घ्यायला हवं. तो म्हणाला, "बाबा सोसायटीत दरवर्षी नवं-जुनं करतात. मार्चात भरलं, एप्रिलात पुन्हा उचललं. मले वाटलं कार्डाचंही तसंच. मिनिमम भरलं की चालू राह्यते." आमच्या भागात कर्ज म्हटलं की डोळ्यांसमोर हेच येतं. कापूस निघाला, विकला, पैसा हाती आला की फेड. वर्षाचं चाक हंगामावर फिरतं. पीक कर्ज त्या चाकाला धरूनच आखलेलं आहे: वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज शेतकऱ्यावर पडत नाही. कार्डाला हंगाम माहीत नाही. स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर सुमारे पन्नास दिवस मिळतात, आदल्या दिवशी केली तर जेमतेम वीस. पेरणी जूनमध्ये, कापसाचा पहिला पैसा दिवाळीच्या आसपास. मधले पाच महिने कुठलंही कॅशबॅक कार्ड बिनव्याजी ओढून नेऊ शकत नाही.

यातली सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट वेगळीच आहे. वडिलांचं पीक कर्ज ८ जुलैला खात्यात आलं होतं. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी! त्यातून कार्ड पूर्ण भरता आलं असतं, एक रुपया व्याज न देता. पण मिनिमम भरलं की काम झालं अशी समजूत, म्हणून ते पैसे निंदणाच्या मजुरीत आणि घरखर्चात गेले. शिवाय कार्ड देताना एजंटने ऑटो-डेबिट लावून दिलं होतं, तेही मिनिमम रकमेवर. ऑटो-डेबिट लावताना 'टोटल ड्यू' की 'मिनिमम ड्यू' असा पर्याय असतो. आपल्या कार्डाला काय लावलंय ते ज्यांना माहीत नसेल त्यांनी आजच्या आज ॲपमध्ये बघावं.

मग पुढे काय करायचं? कार्ड कंपनी ती बाकी ईएमआयमध्ये बदलून द्यायला तयार होती. प्रोसेसिंग फी, व्याज आणि व्याजावर जीएसटी धरूनही तो पर्याय ४२ टक्क्यांपेक्षा स्वस्त पडला असता. दुकानातले १५,००० तो काढू शकत होता. उरले सुमारे २५,५००. तेव्हा ती बोलली. गटातून अंतर्गत कर्ज शेकडा एकने मिळतं. २५,००० वर महिन्याला अडीचशे रुपये. तेवढ्याच रकमेवर कार्ड जीएसटीसकट हजाराच्या वर घेत होतं.

इथे मी मुद्दाम थांबले. नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोने गटातून पैसे उचलायचे आणि हप्ता चुकला की बैठकीत मान खाली तिने घालायची, हे मी बरेचदा पाहिलं आहे. म्हणून त्याला जरा बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "घेते मी, पन हप्ता त्याच्या दुकानातून येईन, माह्या शिलाईतून नाही. अन् कार्ड माह्यापाशी राहीन." दोन्ही अटी त्याने कबूल केल्या. कर्जाच्या अर्जावर तिने कारण खरं लिहिलं: क्रेडिट कार्ड फेडण्यासाठी. गटातल्या दोघी-तिघींनी नंतर आपापल्या घरातल्या कार्डांची चौकशी केली, असं तिनेच सांगितलं.

भरताना एक बारकावा आम्ही पाळला. स्टेटमेंटवर ४०,४१७ लिहिलेलं असलं तरी २५ जुलैपासून पैसे भरेपर्यंतचं व्याज चालूच असतं. ते पुढच्या बिलात उगवतं आणि माणूस म्हणतो, सगळं भरलं तरी हे काय? म्हणून भरण्याच्या दिवशी कस्टमर केअरला फोन करून आजची नेमकी बाकी विचारली, आणि पुढच्या बिलात जे थोडं आलं तेही पूर्ण भरलं. तोपर्यंत कार्डावर नवी खरेदी नाही, कारण मागची बाकी असताना नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर व्याज कायम पहिल्या दिवसापासून, आणि फी वेगळी. ती वाट कुणी धरूच नये.

नव्या कार्डाचा प्रश्न राहिला होता. मी त्याला म्हटलं, जाहिरातीतला टक्का बाजूला ठेव, आधी तुझा खर्च लिही. दुकान आणि घर मिळून कार्डावर जाईल असा महिन्याचा खर्च निघाला ८,०००: ऑनलाइन माल २,०००, दुकानांतली खरेदी ४,५००, पेट्रोल १,५००. त्याच्या मनातल्या कार्डावर ऑनलाइनला पाच टक्के, बाकीला एक टक्का, पेट्रोलला काही नाही. महिन्याला १४५ रुपये, वर्षाला १,७४०. पण वार्षिक फी ९९९ आणि तिच्यावर जीएसटी, म्हणजे १,१७९. हाती ५६१. फी माफ व्हायला वर्षात दोन लाख खर्च हवा, त्याचा होतो ९६,०००. फी वाचवायला खर्च वाढवणं हा तर शुद्ध तोटा. दुसरं कार्ड बिनफीचं, पेट्रोल सोडून सगळीकडे सरसकट एक टक्का. वर्षाला ७८०. दिसायला साधं, पण त्याच्यासाठी तेच जास्त फायद्याचं.

शिवाय गावात स्वाइप मशीन किती दुकानांत आहे? क्यूआर कोड मात्र चहाच्या टपरीवरही आहे. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, ही सोय सप्टेंबर २०२२ पासून आहे, पण ती व्यापाऱ्याच्या क्यूआरवर चालते, ओळखीच्या माणसाच्या खात्यावर पैसे पाठवायला नाही. आणि यूपीआयवरच्या खर्चाला कॅशबॅक आहे का, महिन्याची कमाल मर्यादा किती, वीजबिल आणि विमा धरतात की वगळतात, हे अटींत वेगळं पाहावं लागतं. असं एकेक वाचत गेलो तशी त्याची पाच टक्क्यांची ओढ आपोआप कमी झाली.

दुकानाचं कमिशन त्याच्या हाती पाच ते दहा तारखेदरम्यान येतं. कार्डाचं बिलिंग चक्र एकदा तरी आपल्या सोयीने बदलून मागता येतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. त्याने नव्या कार्डाची शेवटची तारीख बारावर आणून घेतली आणि ऑटो-डेबिट पूर्ण रकमेवर लावलं. खातं रिकामं असेल तर ऑटो-डेबिटही परत जातं, म्हणून दर महिन्याच्या दहाला बायको खात्यातली शिल्लक बघते. कधी तारीख चुकलीच तर घाबरून बसू नये: तीन दिवसांच्या आत भरलं तर लेट फी लागत नाही आणि सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे थकबाकी म्हणून नोंदही जात नाही. व्याज मात्र लागतं.

जुनं कार्ड बाकी शून्य झाल्यावर त्याने बंद करायला दिलं. फोनवरचा माणूस आधी नवनव्या ऑफर सांगत बसला. मी नवऱ्याला लेखी ई-मेल करायला लावला, कारण बाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाहीतर कंपनीला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ई-मेलनंतर कार्ड मुदतीत बंद झालं. गटाचे हप्ते दुकानातून जात आहेत. पुढच्या खरिपासाठी वडिलांच्या सातबारा आणि आठ-अ चे उतारे त्याने एप्रिलमध्येच सोसायटीत नेऊन दिले.