वाचक विचारतात

प्रश्न : राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या कपाटांमध्येच आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं का भरवतात? आणि प्रमुख बदलला की संग्रहालयही बदलतं का हो?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : बदलतं तर! 1872 साली हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं, तेव्हा भर होता शेती आणि कारागिरीच्या नमुन्यांवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूल या कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स इथे क्युरेटर, म्हणजे संग्रहाचे प्रमुख झाले आणि मुंबईच्या माणसांना बाहुल्यांच्या रूपात कपाटांत जागा मिळाली. मातीच्या त्या छोट्या बाहुल्या जवळून बघा : प्रत्येकाची पगडी वेगळी, नेसण्याची तऱ्हा वेगळी. पारशांच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची, प्रतिकृतीसुद्धा आहे. माझं मत विचाराल तर अख्ख्या इमारतीत पाहण्यासारखं हेच. वरचं सोनेरी नक्षीकाम नंतर.

मग बरीच वर्षं आबाळ झाली. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून दुरुस्ती केली, 2008 मध्ये दारं पुन्हा उघडली. संचालक तस्नीम झकारिया मेहता यांच्या कारकिर्दीत सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट अशा कलाकारांना याच वस्तूंच्या सोबतीनं काम मांडायला बोलावलं गेलं. कल्लाट यांनी 2011 मध्ये बांबूच्या परांच्यांसारखी शिल्पं उभारली. जुन्या कपाटांशेजारी ती खटकत होती, आणि खटकावीत म्हणूनच ती तिथे होती.

मुलांना नेणार असाल तर बुधवार टाळा, सुट्टी असते. बाहेरच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती मात्र चुकवू नका.